एनएफडीसीने पैसे उधळले, हा मेसेज खोटा आहे

परवा रात्री मामाने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. त्याचा मथितार्थ असा: एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, आणीबाणीत प्रचारासाठी काढलं, त्याने करदात्यांचे पैसे दिग्दर्शकांना फुकट वाटले, त्यातला एकही सिनेमा लोकांनी पाहिला नाही, ‘गांधी’त कोट्यवधी बुडवले, आणि पुण्यातलं फिल्म संग्रहालय हे जुन्या डब्यांचं गोदाम आहे, ते विकून टाकावं. सकाळपर्यंत तीन भावंडांनी त्याला अंगठे दिले होते. घरातलीच माणसं हे खरं मानायला लागली, म्हणून लिहायला बसलो.

एनएफडीसीची स्थापना १९७५ ची, एवढं खरं. पण काम त्याच्या कितीतरी आधीचं. १९४९ साली केंद्र सरकारने मुंबईच्या स. का. पाटलांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. तिचा १९५१ चा अहवाल या विषयावर बोलणाऱ्याने वाचायलाच हवा. जुने स्टुडिओ खिळखिळे झाले आणि धंदा नट, सावकार नि वितरकांच्या हातात गेला, हे दुखणं त्यात नीट मांडलं आहे. सिनेमाला रास्त कर्ज देणारं वित्त महामंडळ काढा, ही त्याच अहवालाची शिफारस. त्यातून १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन उभं राहिलं आणि १९८० मध्ये ते एनएफडीसीत विलीन झालं. आणीबाणी लागायच्या पंधरा वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

‘फुकट वाटले’ हेही चूक. फायनान्स कॉर्पोरेशन कर्ज द्यायचं, आणि रकमा काय होत्या? ‘गरम हवा’ला अडीच लाख. शिवाय कच्ची फिल्म आणि परदेशी सिनेमे आयात करण्याचं काम या महामंडळाकडे होतं, त्यातून त्याची स्वतःची कमाई होती. वसुली मात्र वाईट होती, हे मला मान्य करावं लागेल. मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ रीतसर थिएटरला लागलाच नाही. सिनेमा करायला पैसे दिले, तो दाखवायला पडदा दिला नाही, ही महामंडळाची खरी चूक. मेसेज लिहिणाऱ्याने यावर बोट ठेवलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

पण ‘एकही सिनेमा कुणी पाहिला नाही’? मामा, हे तू पाठवतोस? टीव्हीवर ‘जाने भी दो यारों’ लागला की जेवणाचं ताट घेऊन पुढ्यात बसणारा माणूस तूच ना? नाटकाच्या स्टेजवर महाभारत चाललंय, द्रौपदीच्या साडीत गुंडाळलेलं डिमेलोचं प्रेत एका हातातून दुसऱ्या हातात जातंय, आणि वस्त्रहरण करायचं की थांबवायचं हे कुणालाच कळत नाहीये. हा प्रसंग तू आम्हा पोरांना उभं राहून करून दाखवायचास. तो सिनेमा १९८३ चा, एनएफडीसीचा, सात लाखांच्या आत झालेला. प्रत दुरुस्त करून २०१२ मध्ये तो पुन्हा थिएटरात आणला. ‘सलाम बॉम्बे’त एनएफडीसीचा पैसा होता, ‘द लंचबॉक्स’मध्येही होता. जब्बार पटेलांचा ‘एक होता विदूषक’ याच महामंडळाने काढला. पटकथा पु. लं.ची, नायक लक्ष्मीकांत बेर्डे. तो आपण सगळ्यांनी आजीच्या घरी एकत्र पाहिला होता.

‘गांधी’त पैसे बुडाले नाहीत, उलट नफा झाला. त्या नफ्यातून गरजू सिनेकलावंतांसाठी निधी उभा राहिला. सिनेमाला आठ ऑस्कर मिळाली, त्यातलं वेशभूषेचं आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना. भारतीय माणसाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर.

आता संग्रहालय. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. जुनी नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. नंतरच्या ॲसिटेट फिल्मचा डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ती आतून कुजायला लागली असं समजायचं. म्हणून थंड, कोरड्या खोल्या लागतात, डबे तपासत राहणारी माणसं लागतात. तिथेही चुका झाल्या, २००३ च्या आगीत बरंच गेलं. पण १९६४ मध्ये हे संग्रहालय सुरू होण्याआधी काय झालं होतं ते बघ. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण उरलेला नाही. पहिला बोलपट ‘आलम आरा’, त्याची एकही प्रत सापडत नाही. कुणीतरी त्यांनाही जुने डबेच समजलं असणार.

मामा, तो मेसेज ग्रुपवरून काढून टाक, आणि ज्याने तुला पाठवला त्यालाही हे पाठव.