लाइनीले लागा, राजेहो!

विदर्भातल्या खेड्यात राहायला येत असाल तर इंग्रजीचा धसका घेऊ नका. 'लाइन' हा एक शब्द पक्का करा, वर्षभर निभावतं. गावात शिरताच पहिला भेटणारा माणूस रामरामाच्या आधी विचारेल, "लाइन हाय काय तिकडं?" रस्त्याकडे पाहून रांग शोधत बसू नका, तो विजेचं विचारतोय. उत्तरं तीनच: 'हाय', 'गेली' आणि 'येऊन राहिली'. तिसरं द्यावं. ते कधीच खोटं ठरत नाही, कारण त्याला मुदत नसते.

आता गावातली लाइन वेगळी आणि वावरातली वेगळी. दोन्हींचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या तारा, निराळे. घरात पंखा फिरतोय म्हणून वावरातली मोटर सुरू होईल, असं समजणारा माणूस हमखास पाहुणा. वावरात थ्री फेज लाइन साधारण आठ तास, तीही पाळीपाळीनं: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आणि रात्रपाळी एकाच आठवड्यात कशी येते, हे विचारू नये. थंडीत मध्यरात्री उठावं, बॅटरी, काठी आणि रानडुकरांसाठी बडवायला एक रिकामा डबा घ्यावा, धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, चालावं. साप दिसला तर त्याला वाट द्यावी. त्याच्याकडे लाइनीचं वेळापत्रक नसतं, तो वर्षभर रात्रपाळीच करतो.

रात्रपाळीचा कंटाळा आला असेल आणि मोटर एकदाची जाळून मोकळं व्हायचं असेल, तर त्याची रीत ठरलेली आहे. आधी स्टार्टरमधला सिंगल फेज प्रिव्हेंटर काढून फेका. तो फार चोंबडा असतो, एक फेज गेला की मोटर बंद करतो. तो नसला की चालती मोटर उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, त्या दोन तारांतून पावणेदोन पटीच्या आसपास करंट जातो आणि वायंडिंग करपतं. करंट जास्त झाला की मोटर तोडणारा ओव्हरलोड रिले ट्रिप होत असेल तर त्याचा काटा शेवटपर्यंत फिरवून ठेवा. ५ एचपीच्या मोटरला ७-८ अँपिअर पुरतात, तुम्ही बिनधास्त १४ वर नेऊन ठेवा. स्टार्टरचं बटन सुटत असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बांधा.

मग ऑटो बसवा. लाइन आली की मोटर आपोआप सुरू, मालक घरी गोधडीत. शेजाऱ्यांनीही तेच केलेलं असतं. त्यामुळं रात्री लाइन येते त्या क्षणी डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकाच वेळी उठतात. उठताना मोटर चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर ५ एचपीच्या मोटरी हिशेबानं १८-२० बसतात, तिथं आकड्यांसकट ३० लागलेल्या असतात. फ्यूज उडतो. तो उडू नये म्हणून फ्यूजच्या तारेऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचे चार पेड पिळून घालावेत. फ्यूज मग कधीच जात नाही. त्याऐवजी ट्रान्सफॉर्मर जातो. कपॅसिटर लावायच्या भानगडीत तर पडूच नका. ५ एचपीला २ केव्हीएआरचा एक डबा लावला तर करंट कमी होतो, शेवटच्या खांबावरच्या माणसाला बरा व्होल्टेज मिळतो. शेवटच्या खांबावरचा माणूस तुमचा कोण लागतो?

ट्रान्सफॉर्मर बदलून आला की नवी गंमत. मोटर फिरते, आवाज नेहमीचा, पाणी मात्र करंगळीएवढं. शहाणे लोक लगेच पंप बाहेर काढतात, फूटव्हॉल्व्ह खोलतात, विहिरीला दोष देतात. तुम्हीही तेच करा, दोन दिवस छान जातात. जोडणीत फेज उलटसुलट झाले म्हणून मोटर उलटी फिरतेय आणि मेन स्विच पाडून स्टार्टरमधून मोटरकडं जाणाऱ्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की काम भागतं, हे कोणी सांगायला आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

एक बारकावा मात्र थट्टेचा नाही. 'लाइन गेली' आणि 'लाइन बंद केली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेलेली लाइन न सांगता येते. उपकेंद्रातून परमिट घेऊन, तारा अर्थ करूनच लाइनमन खांबावर चढतो ती बंद केलेली लाइन. गेलेल्या लाइनीच्या भरवशावर डीपीत हात घालणाऱ्याच्या घरी पुढची पंगत तेराव्याची बसते.

तक्रार करायची तर फोन लावा. इथं शब्दाचा दुसरा अर्थ भेटतो: "सर्व लाइन व्यस्त आहेत." सगळ्या गावाची लाइन गेलेली आणि त्यांच्या सगळ्या लाइनी भरलेल्या. अशा वेळी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवावा, बारा अंकी असतो, अंधारात बिलावरून वाचता येत नाही.

तिसरा अर्थ कापसाचा हंगाम सुरू झाला की कळतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल, म्हणून खरेदी केंद्रावर लाइन. आता अ‍ॅपवर नोंदणी करून स्लॉट घ्यायचा असतो, त्यामुळं लाइन मोबाइलमध्ये गेली असं सांगतात. ट्रॅक्टर मोबाइलमध्ये मावत नाहीत, ते रस्त्यावरच राहतात. भाव कमी करून घ्यायची हौस असेल तर कापूस पहाटे दव असताना वेचावा, खताच्या प्लास्टिक पोत्यांत ठासून भरावा आणि गाडी रात्रभर उघडी ठेवावी. ओलावा ८ टक्क्यांवर गेला की टक्क्यामागं भाव तुटतो, १२ च्या वर गेला की गाडी परत. मीटरची सळई नेमकी त्याच कोपऱ्यात घुसते जिथं तुम्ही ओला माल दाबलाय. प्लास्टिकच्या पोत्याचे धागे कापसात आले तर ग्रेडर जे बोलेल ते ऐकून घ्यावं. दव उतरल्यावर वेचून सुती कापडात बांधलेला माल आणणाऱ्याला कोणी काही बोलत नाही. केंद्रावरून तो तसाच, एकही किस्सा न घेता, घरी जातो.

विद्वानांसाठी एक माहिती. हा इंग्रजी शब्द मागं नेत गेलं की लॅटिनमधल्या जवसाच्या धाग्यापाशी पोचतो. जवस आपल्याकडंही पिकतं, पण धागा काढायचं कोणाच्या मनात येत नाही. आपण चटणी केली. योग्य केलं.

रेल्वेची लाइनही आहे. मूर्तिजापूरहून एकीकडं यवतमाळ आणि दुसरीकडं अचलपूर अशी शकुंतलेची, म्हणजे शकुंतला नावाच्या छोट्या गाडीची लाइन, रुंदी ७६२ मिलिमीटर, मालकी मूळची इंग्रजी कंपनीची, काम कापूस वाहायचं. आता गाडी नाही, लाइन आहे. तिची वाट पाहत रुळांवर बसू नका, पाय मोकळे करायला चांगली जागा आहे एवढंच. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या लाइनीवर उलट झालंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली, यवतमाळवाले पुढच्या लाइनीची वाट पाहत राहिले. सवय आहेच.

सिव्हिल लाइन्समध्ये साहेब राहतात, पोलीस लाइनीत पोलीस. पोरं बसस्टँडवर मारतात ती लाइन निराळी, तिला मीटर नाही, पण शॉक बसतो.

सगळ्यात महाग अर्थ लग्नाच्या बैठकीत निघतो. मुलीचा मामा सुपारी कातरत विचारतो, "पोरगा कोन्त्या लाइनीत हाय?" इथं 'शेती' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. दहा एकर ओलित, विहीर, ठिबक, सगळं असलं तरी नाही. "कॉटन लाइनीत हाय" म्हणावं, कापूस पिकवतो म्हणजे खोटं होत नाही. ठिबकच्या नळ्या धुत असेल तर "पाइपलाइन लाइनीत". पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावत असेल तर "पोलीस लाइनीत" म्हणायला हरकत नाही, फक्त पुढचा प्रश्न यायच्या आत पोहे आणावेत. आणि बैठकीचा दिवस ठरवताना पाण्याची पाळी पाहून घ्या. रात्रपाळीच्या आठवड्यात पाहुणे बोलावले की चार रात्री जागलेला नवरदेव लाल डोळ्यांनी, झोकांड्या खात ट्रे घेऊन येतो आणि मामा मुलीच्या बापाच्या कानात सांगतो, "भाऊजी, उठा. पोरगं भलत्याच लाइनीले लागलं."