गिझर म्हणजे कूलर नव्हे

नागपूरच्या माणसाला कूलरमधलं सगळं कळतं. पंप का बसला, खस कधी बदलायची, टाकीला भोक पडलं तर डांबर बरं की एमसील, यावर तो पानठेल्यावर अर्धा तास बोलू शकतो. याच विद्येच्या जोरावर आम्ही उन्हाळे काढले. मग डिसेंबर येतो, गिझर टपकायला लागतो आणि तीच विद्या घेऊन आम्ही बाथरूममध्ये स्टुलावर चढतो.

गिझरचीही बाजू ऐकायला हवी. उन्हाळाभर गच्चीवरची काळी टाकी हाच आमचा फुकटचा गिझर असतो, दुपारी नळाखाली हात धरवत नाही. भिंतीवरचा बिचारा तेव्हा पंधरा लिटर पाणी पोटात धरून महिनोन्‌महिने नुसता लटकलेला असतो. त्यात बोअरचं पाणी असेल तर क्षार साचतात आणि खालच्या झाकणाच्या गॅसकेटचं रबर कडक होतं. पहिल्या थंडीत आपण बटण दाबतो आणि खालून टप्, टप्.

लगेच पाना उचलू नका. सगळं कोरडं पुसा आणि टिश्यू पेपर घेऊन एकेक जोड चाचपा. ठिबकतं तिथेच गळतं असं नाही. टाकीभोवतीचा फोम पाणी पितो आणि भलत्याच कोपऱ्यातून सोडतो.

पाणी तापतानाच टपकत असेल, आणि तेही थंड पाण्याच्या बाजूच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून, तर अभिनंदन, गिझर ठणठणीत आहे. पाणी 20 अंशांवरून 65 वर गेलं की दोन टक्क्यांच्या आसपास फुगतं. पंधरा लिटरमागे हे पाव लिटरहून थोडं जास्त होतं. व्हॉल्व्ह ते मागे जाऊ देत नाही, मग बाहेर सोडतो. इथे कूलरची विद्या घात करते. थेंब दिसला की नागपूरकर भोक बुजवतो. हे भोक बुजवलं तर तापणारी टाकी म्हणजे शिट्टी नसलेला कुकर. त्या भोकाला नळी लावा, उताराने मोरीत सोडा, तोंड उघडं ठेवा.

गिझर बंद असतानाही टपकत असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला असणार. त्याचा लहानसा दांडा दोन-तीनदा उचलून पाणी वाहू द्या. गच्चीवरच्या टाकीच्या दाबाला दोष देऊ नका. दहा मीटर उंचीला एक बार दाब, म्हणजे दुमजली घरात बारभरही भरत नाही, आणि व्हॉल्व्ह साधारण आठ बारचा असतो. प्रेशर पंप असेल तर गोष्ट वेगळी. नवा व्हॉल्व्ह घ्यायचा तर जुना खिशात घालूनच इतवारीच्या लोहाओळीत जा. ‘अर्धा इंची द्या’ एवढंच म्हणाल तर दुकानदार तुमच्यासमोर चार प्रकार मांडेल.

खरी परीक्षा खालच्या झाकणातून गळत असेल तेव्हाची. एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा बोर्डावरचा खटका पाडा, नुसतं बटण नाही. पाणी निवू द्या. गिझरकडे येणाऱ्या पाण्याचा भिंतीवरचा अँगल कॉक बंद करा. तो जाम असतोच, मग गच्चीवरचा व्हॉल्व्ह फिरवा. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा, कारण आत हवा गेल्याशिवाय पाणी खाली येत नाही. खाली दोन बादल्या ठेवा, एक पुरत नाही. वायरींचा फोटो काढा आणि मगच नट सोडा.

झाकण निघालं की आतलं दर्शन होतं. एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या नळीवर, पांढऱ्या क्षाराचा असा थर, की चुन्याच्या डबीत बुडवून काढल्यासारखा. शेजारी अ‍ॅनोड रॉड, टाकीऐवजी स्वतः गंजून घेणारा. एव्हाना त्याची चोखून टाकलेली उसाची कांडी झालेली असते. तो नवाच टाका. एलिमेंटची तारेची टोकं वर ठेवून बाकीचा भाग लिटरभर गरम पाण्यात दोन-तीन चमचे सायट्रिक अ‍ॅसिड टाकून भिजवा, फसफस थांबेपर्यंत. त्याच्या नळीला बारीक भोक दिसलं तर एलिमेंट बदला. ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारा खटका, पडत होता तो बहुधा त्यामुळेच.

गॅसकेटची बैठक घासणीने साफ करा. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं की आतला काचेसारखा लेप जातो आणि गंजाला दार उघडतं. नवं गॅसकेट कोरडंच बसवा, वर सिलिकॉन थापू नका. नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. ‘अजून एक पेच मार बे’ म्हणणारा मदतनीस बाथरूमबाहेर ठेवा, नाहीतर रबर फुगून बाहेर येतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टूल.

आता आधी पाणी, मग वीज. गरम नळातून फुसफुस थांबून सलग धार आली पाहिजे. दहा मिनिटं टिश्यू फिरवा आणि मगच एमसीबी वर करा. रिकाम्या टाकीत दोन हजार वॉटचं एलिमेंट चालू केलं तर ते जळायला वेळ लागत नाही.

पाणी गंजकट असेल आणि टाकीच्या सांध्यातून येत असेल, तर प्लंबर म्हणतो तेच खरं : “टाकी गेली नं भाऊ.” वेल्डिंग मारलं की आतला लेपच जळतो. इथे माझ्याकडेही उपाय नाही.

बाकी सगळं जमलं तरी पाणी तापताना नळीतून चार थेंब पडतीलच. ते पाहून शेजारचे काका येतील, मान वर करून म्हणतील, “हे गळूनच रायलं नं अजून?” त्यांच्या हातात एमसीलचं पाकीट असेल तर स्टूल लपवा.