दलाल वाढले, विकाऊ जमीन तेवढीच
घर-जमिनीच्या व्यवहारांत मध्यस्थांची संख्या वाढली की स्पर्धेमुळे दलाली उतरते आणि ग्राहकाचा फायदा होतो, हे एका लेखातील प्रतिपादन शहरांतील सदनिकांबाबत कदाचित खरे असेल. वर्धा-अमरावतीकडच्या गावांत मात्र आम्ही उलटेच पाहत आहोत. समृद्धी महामार्गाची आखणी झाल्यापासून गावोगावी जमिनीचे दलाल उभे राहिले, परंतु विकाऊ जमीन तेवढीच असल्याने एकाच वावरामागे चार-पाच जण लागतात, प्रत्येक जण आधीच्यापेक्षा चढा भाव सांगतो आणि जुळत आलेला सौदा त्या आशेवर मोडतो. याहून वाईट म्हणजे, काही दलाल अल्पशी रक्कम देऊन स्वतःच्या नावाने इसारचिठ्ठी (आगाऊ रकमेवर केलेला खरेदीचा लेखी करार) करून घेतात, तीच नफा काढून पुढच्याच्या हाती देतात, आणि खरेदीखत होईपर्यंत शेतकऱ्याला ना पूर्ण पैसे मिळतात, ना निश्चिंतपणे पेरणी करता येते. सातबाऱ्यावर बहिणींची नावे आहेत का, जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, आहे का, हे या घाईत कोणी तपासत नाही. पुढे कोर्टकचेरी होते ती नेमकी यावरूनच. घरे-भूखंडांच्या प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, महाराष्ट्रात त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. पण ही तरतूद नोंदणीकृत प्रकल्पांपुरती असल्याने शेतजमिनीचा दलाल तिच्या बाहेरच राहतो. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक खरेदीखतात मध्यस्थाचे नाव आणि त्याने घेतलेली दलाली नमूद करणे शासनाने बंधनकारक करावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.