वधूमध्ये वाय गुणसूत्र नसतंच, मग सगोत्र लग्नात दोष येतो कुठून?

माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न गोत्र एक निघालं म्हणून अडलंय. तिने कारण विचारलं, तर मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर कित्येक वर्षं फिरणारा तो मेसेज पाठवला: गोत्र म्हणजे वाय गुणसूत्र, सगोत्र विवाहात तेच वाय पुन्हा एकत्र येतं म्हणून संतती सदोष होते, मुलीत वाय नसल्याने ती वडिलांचा वंश पुढे नेत नाही, तिच्या शाखेत सात पिढ्यांत वडिलांचा अंश एक टक्क्यावर येतो, आणि हे विज्ञानाने सिद्ध केलंय.

काहीही सिद्ध केलेलं नाही. मुलीत वाय नसतं हे मेसेजच सांगतो. मग एकत्र येणार कोणाचं वाय कोणाशी? मुलाला वाय मिळतं एकच, वडिलांचं. वधूचं गोत्र कुठलंही असो, त्यात तसूभर फरक पडत नाही. थॅलेसेमिया, सिकलसेलसारखे रक्ताचे आजार होतात ते सदोष जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आली तर, आणि ही जनुकं वायवर नसतातच. जवळच्या नात्यात हा धोका वाढतो, हे खरं. पण गोत्र त्या नात्याचं माप नव्हे. मामाची मुलगी करायची पद्धत आपल्याकडे अनेक समाजांत आहे, आमच्या घरातही आहे. मामाचं गोत्र वेगळं, म्हणून मेसेजच्या हिशेबाने ते लग्न निर्धोक! प्रत्यक्षात आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं सामायिक असतात. उलट एका गोत्राचा समान पूर्वज वीस पिढ्यांमागचा धरला, तर त्याचा वाटा आज सरासरी दहा लाखांत एक इतकाही उरत नाही.

वाय बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं, एवढं मान्य. पण गोत्र त्याच्याबरोबर जातंच असं नाही. दत्तक मुलाला नव्या घराचं गोत्र लागतं, वाय जन्मदात्याचंच राहतं. क्षत्रिय-वैश्यांनी पुरोहिताचं गोत्र घ्यावं, असं तर खुद्द मिताक्षरेत, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत लिहिलंय.

आता वंशाचं. याच वाक्याने मुलींचं सर्वांत जास्त नुकसान केलंय. वायचा संपूर्ण क्रम 2023 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला: डीएनएची सुमारे 6 कोटी 24 लाख अक्षरं, प्रथिनं बनवणारी 106 जनुकं. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात सुमारे 310 कोटी अक्षरं आणि अशी 20,000च्या आसपास जनुकं असतात. म्हणजे या दोन टक्क्यांना वंश म्हणायचं आणि मुलगी वडिलांकडून घेते त्या 23 गुणसूत्रांना काहीच नाही? पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए तर मुलगा-मुलगी दोघांनाही आईकडूनच मिळतो, आणि तो पुढच्या पिढीला फक्त मुलगी देते.

सात पिढ्यांत वडिलांचा अंश एक टक्क्यावर येतो, हे गणित मुलाच्या शाखेलाही तसंच लागू आहे.

राहिला कायदा. 1955च्या हिंदू विवाह कायद्यात सगोत्र लग्नाला बंदी नाही. बंदी आहे ती सपिंड (काही पिढ्यांच्या आत समान पूर्वज असलेल्या) आणि जवळच्या नात्यांना, तीही तशा लग्नाची रूढी नसेल तर. मावशीला काळजीच असेल तर तिने दोघांची थॅलेसेमिया आणि सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्यायला सांगावी. दोघंही वाहक (सदोष जनुकाची एक प्रत असलेले) निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, मग गोत्र एक असो वा वेगळं.