जवाचं पाणी

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरच्या ग्रुपवर तीन दिवस एकच भांडण चाललंय: बियर पौष्टिक की नाही. मामेभावाला मुतखडा झालाय. त्याला कुणीतरी सांगितलं, रोज एक बियर घे, खडा पडून जाईल. मी लिहिलं, बियरने लघवी जास्त होते, खडा विरघळत नाही. उलट अंगातलं पाणी जातं, आणि खडा युरिक ॲसिडचा असेल तर आगीत तेल. दादाचं उत्तर आलं, "जवाचा पाणी ता. तू थंय बसान आमका शिकवू नको."

'थंय' म्हणजे म्युनिक. इथे बियरला पातळ पाव म्हणतात. उपासाच्या दिवसांत मठातले साधू दाट बियरवर राहत. पण याच देशातल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ साली एका ब्रुअरीला जाहिरातीत बियर 'प्रकृतीला मानवणारी' म्हणायला मनाई केली. १.२ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असेल तर आरोग्याचा दावाच करायचा नाही, असा युरोपचा नियम आहे. आमच्याकडे? फॉरवर्ड आला की झालं शास्त्र.

अर्ध्या लिटरात साधारण २०० कॅलरी, त्यातल्या बहुतेक अल्कोहोलच्याच. प्रथिनं जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. ब जीवनसत्त्व थोडं असतं, नाही असं नाही. त्यापेक्षा वाटीभर कुळथाची पिठी खा की! मुतखड्यावर आजी कुळथाचं कढणच द्यायची. (त्याला कुठल्या कोर्टाचा दाखला, ते विचारू नका.)

शनिवारी रिकाम्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये घालताना, परत मिळणारी अनामत आठ-आठ सेंट मोजत, मी दादाशी मनात भांडतच होतो. हो, बाटल्या माझ्याच. आणि बियरगार्टनमध्ये ऑफिसातल्यांना मी काय सांगतो? आमच्याकडे पहाटेची ताजी माडी असते, बियरपेक्षा कितीतरी पौष्टिक, नुसती जीवनसत्त्वं! तेही माना डोलावतात. मी माडी जन्मात एकदाच चाखली, सातवीत, आणि न्हाणीघराच्या दारातच ओकलो.

गेल्या मे महिन्यात घरी गेलो, तर दादाने माझ्यासाठी मुद्दाम थंडगार बियर आणून ठेवली होती. मी म्हटलं, मला पेज हवी. उकड्या तांदळाची, सोबत खाराची कैरी. मामी हसली आणि तिने वाढली. बाकी सगळ्यांना रोजच्या जर्मनच्या वाडग्यांत. मला, जर्मनीहून आलेल्याला, कपाटातला काचेचा बाऊल काढून, पुसून.

दादाला अजून उत्तर दिलेलं नाही.