सुपरचार्जरचा बेल्ट घसरला की दोष स्प्रिंगचाच?

सुपरचार्जर (बेल्टवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप) असलेल्या गाड्यांच्या मालकांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो. शब्द थोडे बदलतात, आशय हाच असतो: "छोटी पुली लावल्यावर बेल्ट घसरतो, कारण कंपनीने पैसे वाचवायला कमजोर स्प्रिंग दिलेली असते. टेन्शनरला कडक स्प्रिंग टाका. घसरणं बंद, बूस्ट परत, तोटा काहीच नाही, अर्ध्या तासाचं काम." (बूस्ट म्हणजे त्या दाबलेल्या हवेचा वाढीव दाब, टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारा स्प्रिंगचा हात; बूस्ट वाढवायला लोक सुपरचार्जरची पुली लहान करतात.) यातलं थोडंसंच खरं आहे. बाकीचं ऐकून लोक चांगली बेअरिंगं वेळेआधी संपवतात आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

कंपनीची स्प्रिंग कमजोर असते, इथून सुरुवात करू. क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा; त्याची पुली बेल्टला ओढते. सुपरचार्जरकडून क्रँककडे येणारी बाजू त्यामुळे ताणलेली असते आणि क्रँकवरून बाहेर पडणारी बाजू सैल. टेन्शनर बसतो तो या सैल बाजूला. सुपरचार्जर फिरवणारी ओढ स्प्रिंग देत नाही, ती क्रँक देतो. सैल बाजूचा ताण एका पातळीखाली जाऊ नये, एवढंच स्प्रिंगचं काम. ही पातळी ठरवताना मूळ पुलीचा आकार, मूळ बूस्ट, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं जनित्र), आयडलर (बेल्टला फक्त वळण देणारी मोकळी पुली) आणि या सगळ्यांच्या बेअरिंगांचं आयुष्य धरलेलं असतं. म्हणजे स्प्रिंग मूळ जोडणीला बेतून दिलेली असते. तुम्ही जोडणी बदलली, तर आधी काय काय बदललं ते पाहायला हवं.

आणि पहिली बदलते ती बेल्टची लांबी. हे फार कमी जण मोजतात. सुपरचार्जरची पुली १० मिलिमीटर व्यासाने लहान केली आणि बेल्ट तिच्याभोवती साधारण अर्धा फेरा घेत असेल, तर जवळपास १६ मिलिमीटर बेल्ट मोकळा होतो. तो मोकळेपणा टेन्शनरचा हात पुढे सरकून खाऊन टाकतो. हात जितका पुढे, तितकी आतली स्प्रिंग उलगडलेली आणि तिचा जोर कमी. पुष्कळ टेन्शनरवर हाताची योग्य जागा दाखवणारी खूण असते. छोटी पुली आणि जुन्याच लांबीचा बेल्ट असेल, तर हात त्या खुणेच्या टोकाला गेलेला दिसतो. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. कडक स्प्रिंग मागवायच्या बेतात होतो, तेवढ्यात खुणेकडे लक्ष गेलं. योग्य लांबीचा आखूड बेल्ट चढवला, हात मधोमध आला, वरच्या आरपीएमला गळणारा बूस्ट परत आला. स्प्रिंग जुनीच होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो, आणि हा सल्ला रोज कुणाला तरी तेच करायला लावतो.

"बूस्ट पडला म्हणजे बेल्ट घसरला" हेसुद्धा गृहीतच धरलेलं असतं. बायपास व्हॉल्व्ह (बूस्ट नको असताना हवा वळवणारी झडप) नीट बंद होत नसेल, इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) जोडातून हवा गळत असेल किंवा एअर फिल्टर चोंदला असेल, तरी बूस्ट पडतो. बेल्ट खरंच घसरत असेल, तर खुणा सापडतात: पुलीभोवती काळी रबराची भुकटी, बेल्टच्या रिब (आतल्या बाजूच्या लांबट धारा) गुळगुळीत होऊन चकाकणं, थांबल्याबरोबर मोजली तर बाकी पुल्यांपेक्षा सुपरचार्जरची पुली जास्त तापलेली. मग घसरण्याचं कारण शोधायचं. तेलाचा किंवा कूलंटचा ओघळ बेल्टवर येतो का? पुल्या एका रेषेत आहेत का? टेन्शनरच्या हाताचं बुशिंग झिजून हात तिरका झालाय का? हल्लीचे ईपीडीएम या कृत्रिम रबराचे बेल्ट जुन्यांसारखे तडकत नाहीत. त्यांच्या खाचा आतून झिजत खोल होतात, आणि वरवर धडका दिसणारा बेल्टही पकड सोडतो.

एक कारण तर लोक हमखास विसरतात. क्रँकच्या पुलीत बहुतेक वेळा आतला भाग आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये रबराचा थर असतो. तो थर सुटला की आतला भाग फिरतो आणि बाहेरची रिंग मागे राहते. लक्षणं तंतोतंत बेल्ट घसरल्यासारखी. आतल्या भागावरून बाहेरच्या रिंगेपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा आणि गाडी जोरात चालवून आल्यावर बघा. रेघ तुटली असेल, तर जगातली कुठलीही स्प्रिंग उपयोगाची नाही. उलट कडक स्प्रिंगने त्या रबरावरचा भार वाढेल.

आता त्या सल्ल्यातला खरा भाग. ताण वाढवला की पकड वाढते, हे खरंच आहे. पण पकड आणखी एका गोष्टीवर अवलंबून असते, आणि तिचा परिणाम कितीतरी वेगाने वाढतो. ती म्हणजे बेल्टने पुलीला घातलेला विळखा. खांबाला दोराचे दोन वेढे दिले, तर एक माणूस भलीमोठी ओढ थोपवू शकतो. त्याच्या हातातला जोर वाढलेला नसतो, वेढे वाढलेले असतात. गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात याचं गणित मांडलं: ताणलेल्या आणि सैल बाजूंच्या ताणांचं जास्तीत जास्त गुणोत्तर विळख्याच्या कोनाबरोबर घातांकाने वाढतं. समजण्यापुरते आकडे घेऊ. रिबांच्या खाचांमुळे मिळणारं परिणामी घर्षण ०.८ धरलं आणि सैल बाजूचा ताण ३०० न्यूटन. १२० अंशांच्या विळख्याला बेल्ट साधारण १,३०० न्यूटनची ओढ सहन करतो. तोच विळखा १५० अंशांचा केला, तर साधारण २,१०० न्यूटनची. एक आयडलर हलवून ३० अंश मिळाले, आणि पकड ६० टक्क्यांहून अधिक वाढली. स्प्रिंगच्या जोरावर एवढंच मिळवायचं, तर सैल बाजूचा ताण ३०० वरून ४९० च्या घरात न्यावा लागतो.

छोटी पुली इथे दोन्हीकडून मारते. व्यास १५ टक्के कमी केला, तर सुपरचार्जर जवळपास १८ टक्के जास्त वेगाने फिरतो आणि बूस्ट वाढल्याने तो फिरवायला टॉर्कही (फिरवण्याचा जोर) जास्त लागतो. तो टॉर्क आता लहान त्रिज्येवरून द्यायचा, म्हणून बेल्टवरची ओढ आणखी वाढते. त्यात विळखाही जरासा कमी होतो. म्हणूनच मी आधी बेल्टची लांबी बघतो, मग विळखा, मग जागा असेल तर जास्त रिबांचा बेल्ट आणि पुल्या. स्प्रिंग त्यानंतर.

"तोटा काहीच नाही" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. वाढलेला ताण फक्त पूर्ण बूस्टच्या वेळी लागू होत नाही. सिग्नलला उभे असताना, शांतपणे हायवेवर जाताना, बायपास उघडा असतानाही तो बेल्टवरच्या प्रत्येक बेअरिंगला ओढत असतो. बॉल बेअरिंगचं अपेक्षित आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. भार दीडपट झाला, तर आयुष्य एक-तृतीयांशाच्याही खाली जातं. पूर्ण बूस्टला मुळातच ओढ मोठी असते, त्यामुळे तेव्हा हा फरक टक्केवारीत कमी भरतो. पण गाडी तिच्या आयुष्यातला किती वेळ पूर्ण बूस्टवर असते? मिनी कूपर एसच्या आर५३ पिढीचंच बघा. ईटनच्या एम४५ सुपरचार्जरच्या दुसऱ्या टोकाला गिअरने वॉटर पंप जोडलेला असतो. तिथे सुपरचार्जर जाम झाला, तर बूस्टसोबत इंजिनचं पाणी फिरणंही थांबतं.

शिवाय टेन्शनर म्हणजे नुसती स्प्रिंग नव्हे. हाताची थरथर जिरवण्यासाठी त्यात घर्षणाचं किंवा तेलाचं डॅम्पिंग असतं. गिअर बदलताना इंजिन एकदम मंदावतं, सुपरचार्जरमधले फिरते भाग, म्हणजे रोटर, मात्र आपल्या वेगात फिरत राहू पाहतात. क्षणभर सैल बाजू ताणली जाते आणि हात मागे ढकलला जातो. कडक स्प्रिंग इथे थोडी मदत करते, पण डॅम्पर संपलेला असेल तर हात आणखी जोरात उसळतो. त्या वेळी अख्खा टेन्शनर बदलायचा असतो.

कडक स्प्रिंगची खरी गरज कुणाला? बेल्ट नवा आणि योग्य लांबीचा, पुल्या सरळ, क्रँकची पुली शाबूत, डॅम्पर जिवंत, विळखा शक्य तेवढा वाढवलेला, आणि तरीही मोजल्यावर घसरण दिसते, अशांना. त्यांनी जरूर टाकावी, पण त्याच टेन्शनरसाठी बनवलेली, घसरण थांबेल एवढ्याच जोराची. बेअरिंगांची तपासणीही आधीपेक्षा लवकर करावी.

राहिला "अर्ध्या तासाचं काम" हा भाग. काही टेन्शनरांत स्प्रिंग बंद कवचात दाबून बसवलेली असते. कवच उघडताना ती सुटली, तर बोट मोडू शकतं, डोळा जाऊ शकतो. योग्य प्रेस आणि पकड हाताशी नसेल, तर ते कवच घरी उघडू नका.