एक स्टारच्या रिव्ह्यूला थेटर मालकाचं उत्तर: हो, आमच्याकडे पब्लिक ओरडतं

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू जूनमधला आणि मी तो वाचला आत्ता, गणपती झाल्यावर. हे अकाउंट माझा पुतण्या बघतो आणि तो एक स्टारवाले मला दाखवतच नाही, बीपी आहे ना काकांना. तर उशिराबद्दल आधी सॉरी.

तुम्ही माहेरी आला होतात आणि मुंज्या ह्या भुताच्या विनोदी हिंदी पिच्चरच्या दुसऱ्या शनिवारी रात्री 9 च्या शोला बाल्कनीत बसला होतात. तुम्ही लिहिलंय की हे थेटर नाही जत्रा आहे, पब्लिक पूर्ण वेळ ओरडत होतं, घाबरायच्या सीनला हसत होतं, मागे एक मुलगा आजीला अख्खा पिच्चर मालवणीत समजावत होता, पुढच्या रांगेत पोरगं रडत होतं, आणि शेवटी नावं सुरू झाली तशी लाईट लावून पडदा बंद केला म्हणून वरुण धवनचा सीन बघायलाच मिळाला नाही. मॅनेजमेंट झोपलंय का असंही विचारलंय.

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण तिथे चूक आमचीच आहे, त्यात काही बोलायला जागाच नाही. आमचा ऑपरेटर रिळांच्या जमान्यातला माणूस. नावं वर सरकायला लागली की पिच्चर संपला, पंखे बंद, लाईट चालू, दारं उघडी, हे त्याच्या हातात पंचवीस वर्षं बसलेलं आहे. त्यात रात्रीच्या शोला शेवटची एसटी असते, पब्लिक पण नावं यायच्या आधीच उठून उभं असतं, पावसाचे दिवस, छत्र्या शोधाशोध. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की ह्या पिच्चरला मागे अजून सीन आहे. सांगायचं काम माझं होतं आणि मी पण तोवर शेवटपर्यंत बघितला नव्हता. आता केबिनमध्ये स्विचच्या वर कागद चिकटवलाय, नावं पूर्ण संपेपर्यंत हात लावायचा नाही. ऑगस्टमध्ये स्त्री 2 ला आम्ही शेवटपर्यंत चालवला. पहिल्या दिवशी रात्री तरीपण मागे राहिले फक्त तीन कॉलेजची पोरं आणि झाडूवाल्या मावशी, पण चालवला.

पोरगं रडत होतं ते बरोबर. सर्टिफिकेट यू/ए होतं, म्हणजे तेव्हाच्या नियमाने बारा वर्षांखालच्यांना आणायचं की नाही ते आईबापांनी ठरवायचं, आम्हाला दारात अडवता येत नाही. पण रडणाऱ्या पोराला घेऊन जरा बाहेर या असं डोअरकीपरनी सांगायला पाहिजे होतं, तो तेव्हा वडे सोडायला मदत करत होता. इंटरव्हलची गर्दी. असो.

आता आरड्याओरड्याचं. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही आणि का नाही ते जरा लांबण लावून सांगतो, राग मानू नका.

हाच पिच्चर मी 7 जूनला, पहिल्या शुक्रवारी दुपारी 12 च्या शोला केबिनच्या खिडकीतून बघितला. साडेतीनशे खुर्च्या, माणसं मोजून एकेचाळीस, सगळी लांब लांब बसलेली. आणि तुम्हाला सांगतो, पिच्चर पडला असं मला वाटलं. पडद्यावरची आजी नातवाला काहीतरी खवचट बोलते, एक माणूस हसला, आजूबाजूला बघितलं आणि गप्प झाला. तो कॉम्प्युटरवर बनवलेला मुंज्या पिंपळावरून खाली येतो, तर पुढे कोणीतरी जांभई दिली. मी पुतण्याला म्हटलं, पुढच्या शुक्रवारी दुसरा बघ काहीतरी. शनिवारी रात्री तोच पिच्चर, तोच पडदा, तोच साऊंड, माणसं दोनशे साठ. त्याच आजीच्या त्याच वाक्याला स्टॉलमधून अशी लाट आली की पुढची दोन वाक्यं कोणालाच ऐकू गेली नाहीत आणि कोणाचं काही बिघडलं नाही. एडिटिंग तर मध्ये कोणी बदललं नव्हतं ना.

म्हणजे असं बघा, रडायचा पिच्चर एकट्याने बघता येतो, मारामारीचा पण. हा भुताचा विनोदी प्रकार एकट्याने बघितला की ना धड भीती वाटते ना धड हसू येतं. शेजारचा दचकला की आपण हसतो, आपण हसलो हे बघून तो अजून हसतो, आणि तेवढ्यात पडद्यावर परत काहीतरी येतं आणि दोघं पण किंचाळतात. घाबरायच्या सीनला लोक हसत होते म्हणता ना, ती घाबरलेलीच होती हो. फक्त बायकोसमोर कोण कबूल करणार.

मुंज्याचे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, त्यांचाच झोंबिवली आठवतोय का बघा, मराठीतला, डोंबिवलीत झोंबी. 26 जानेवारी 2022 ला आला तेव्हा कोरोनामुळे निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी होती. एक सोडून एक खुर्चीला आम्ही लाल पट्टी लावलेली. मी बघत होतो, जोक होतोय, माणूस उजवीकडे बघतोय, उजवीकडे पट्टी. डावीकडे पट्टी. तोंडावर मास्क. तिथे हसू पसरणार कुठून? त्या पिच्चरला आमच्याकडे त्याच्या लायकीचं पब्लिक मिळालंच नाही असं मी आजही म्हणतो. आणि मुंज्या, पहिल्या दिवशी देशभरात 4 कोटींच्या आसपास कमावणारा, ना खान ना कुमार, शर्वरी आणि अभय वर्मा ही नवीन पोरं, तो शंभर कोटींच्या वर गेला. पोस्टर बघून एवढी माणसं येत नाहीत, शनिवारी आलेला माणूस गावात जाऊन काय सांगतो त्यावर येतात, आणि आमच्याकडे तरी ती हेच सांगत होती की अरे थेटरात काय दंगा चाललाय, बघून ये एकदा.

त्यात गोष्ट पडली कोकणातली. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंज्या, तो पिंपळावर राहतो, हे आमच्या बाल्कनीतल्या प्रत्येक बाईने लहानपणी ऐकलेलं आहे, दिवेलागणीनंतर तिकडून जाऊ नको म्हणून. मुंबई पुण्याच्या मॉलमध्ये ते भूत नवीन असेल, इथे ओळखीचं आहे. त्या शनिवारी तुमच्या मागच्या रांगेतल्या आजींना मी पण केबिनमधून ऐकत होतो. मुंज्या पहिल्यांदा नीट दिसला तशी त्यांनी मोठ्याने भीमरूपी महारुद्रा सुरू केलं, नातू म्हणतो, "आये, पिच्चर आसा तो", तर म्हणाल्या, "पिच्चर आसा ता माका म्हायत आसा, पण तेका खंय म्हायत आसा?" अख्खी रांग हसली, त्या पण हसल्या आणि पुढचा श्लोक परत सुरू. त्यांना हिंदी नीट कळत नाही, नातू सांगत होता म्हणून त्या दोन तास बसल्या. त्या पोराला मी काय गप्प बस म्हणणार? नवरा गेल्यापासून त्या थेटरात आल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं.

आमच्या वडिलांच्या वेळेला झपाटलेला लागला होता, 1993 साल, मी तिकीटखिडकीवर. रामदास पाध्येंचा तो बाहुला पडद्यावर आला की पुढच्या बाकांवरची पोरं सरळ बाकाखाली, आणि लक्ष्मीकांत दिसला की परत वर. वडील म्हणायचे, पोरं किती वेळा खाली गेली ते मोज, त्यावरून पुढच्या आठवड्याचा अंदाज येतो. डिस्ट्रिब्युटरच्या आकड्यांपेक्षा तो अंदाज बरा निघायचा, खोटं नाही सांगत.

तरी एक मान्य. शिट्टी आणि हसणं वेगळं, मोबाईलचा टॉर्च पडद्यावर मारणं वेगळं. तुम्ही लिहिलं नाहीत पण त्या शोला दोघांनी मारला होता आणि डोअरकीपरनी त्यांना बाहेर काढलं नाही. आता काढतो. पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजाचं मात्र माझ्याकडे काही उत्तर नाही, साऊंड दोन पॉईंट वाढवतो तेवढंच, आणि मग कोणीतरी लिहितं की कान फुटले.

तुम्हाला खरंच शांतपणे बघायला आवडत असेल तर सोमवार ते गुरुवार 12 चा शो, वीस-पंचवीस माणसं असतात, बाल्कनीत तर तुम्ही एकट्याच असाल. फक्त भुताचा विनोदी पिच्चर त्या शोला बघू नका असं माझं मत, बाकी तुमची मर्जी. तुमच्या शंभर रुपयांच्या तिकिटावर तेव्हा बारा टक्के जीएसटी होता, तो काही मला परत मिळत नाही, पण शेवटचा सीन आमच्यामुळे गेला म्हणून पुढच्या वेळी माहेरी याल तेव्हा दोन बाल्कनी माझ्याकडून. खिडकीवर नुसतं रिव्ह्यूवाल्या ताई म्हणून सांगा, पुतण्या ओळखेल, त्यानेच लपवून ठेवला होता.

आणि त्या रात्री तुमच्या रांगेत एक निळी छत्री राहिली होती, लाकडी मुठीची. तुमची असेल तर ऑफिसात कपाटामागे ठेवलीय.